पोराला घरी बसवलं तेव्हा

आम्ही दोघी जावा, राहणार नसरापूर, तालुका भोर. चेलाडी फाट्यावर महामार्ग सोडून बनेश्वराला, राजगडाला जाणाऱ्या गाड्या ज्या गावातून पुढे जातात, ते आमचं गाव. आमच्यातली थोरली चौथीपर्यंत शिकलेली नाही असं कुणी म्हणतं, ते खोटं आहे. ती बारावी आहे. धाकटीनं लग्नाआधी डी.एड. केलं, पण नोकरी काही लागली नाही. थोरलीच्या मुलाला आम्ही दोघींनी मिळून दोन वर्षं घरी शिकवलं. रेडिओवाल्या ताई म्हणाल्या, तेच सांगा. म्हणून आलो. बोलताना ‘आम्ही’ म्हणू, कारण यात कुणी काय केलं हे वेगळं काढणं आता अवघड आहे.

मुलाचं नाव सांगणार नाही. तो आता तेरा वर्षांचा आहे आणि त्यानं बजावून ठेवलंय, ‘माझं नाव घेतलंत तर मी तो कार्यक्रम बंद करीन.’

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. म्हणजे त्रास आधीचाच होता, पण कळला तेव्हा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तो दुसरीत होता. पुढं तिसरीचे धडे मोबाइलवर येऊ लागले. बाई पानाचा फोटो पाठवायच्या, मुलानं वाचून आवाज भरून परत पाठवायचा. आमचा पठ्ठ्या धडाधड वाचायचा. सासूबाई कौतुकानं ऐकत बसायच्या. एक दिवस धाकटी शेजारी बसून भात निवडत होती. तिच्या लक्षात आलं की हा ‘वाचतोय’ ते वाक्य पुस्तकात नाहीच. चित्रात झाडाखाली म्हातारी बसली होती, आणि हा म्हातारीबद्दल स्वतःच्या मनचं सांगत होता. तिनं चित्रावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आता वाच बरं.’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘काकी, हात काढ ना.’

त्या दिवशी रात्री आम्ही त्याच्या पहिलीपासूनच्या वह्या काढल्या. फळ्यावरून उतरवलेलं अक्षर सुबक, पण अर्ध्या शब्दांत अक्षरं गळालेली. ‘घर’ कुठं ‘धर’ झालेलं, ‘भात’चा ‘मात’. कविता मात्र तोंडपाठ. एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात बसायचं, आणि त्याच जोरावर त्यानं दोन वर्षं सगळ्यांना फसवलं होतं. फसवलं म्हणणंही बरोबर नाही. पोहता न येणारा माणूस कडेकडेनं चालतो, तसं ते होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये खेड्यातल्या लहान मुलांच्या शाळा परत भरल्या. हा चौथीत गेला. वर्गात उभं करून वाचायला सांगितलं, चित्र नव्हतं, मुलं हसली. मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही. मोठा मुलगा, पण अंथरूण ओलं व्हायला लागलं. आम्ही शाळेत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘हुशार आहे हो, पण आळशी आहे. घरी लाड कमी करा.’ घरीही हेच चाललं होतं. त्याचे वडील म्हणायचे, मोबाइलनं बिघडवलं. सासूबाई म्हणायच्या, नजर लागली. आणि एका संध्याकाळी आमच्यातल्या एकीनं त्याच्या कानाखाली वाजवली, ‘जोडाक्षर’ हा शब्द सहाव्यांदा चुकला म्हणून. कोण ते सांगत नाही. शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं बंद केलंय. घराला तसलं कलम नाही.

आता ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी नीट सांगतो. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. शहरात सरळ ‘एलडी’ म्हणतात. डोळे चांगले, कान चांगले, बुद्धी वयाला साजेशी किंवा वरचढही, पण वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड यांतलं एखादं नाहीतर सगळंच मेंदूला सहजी जमत नाही. हे मूल मतिमंद नसतं, आळशी नसतं, आणि त्याला गोळी नाही. गोळीचा प्रश्न आमच्या घरातल्या पुरुषांनी तीनदा विचारला म्हणून मुद्दाम सांगतोय. लाख रुपये घेऊन ‘बरं करतो’ म्हणणारा कुणी भेटला तर आपली पर्स सांभाळा. उपाय एकच, वेगळ्या रीतीनं आणि पुन्हा पुन्हा शिकवणं.

तुम्ही ‘तारे जमीन पर’ पाहिला असेल. २००७ सालचा सिनेमा, त्यातली निवासी शाळा आपल्या पाचगणीची. आम्हीही पाहिला होता, लग्नाच्या आधी, आणि रडलो होतो. पण तो सिनेमा आणि आपल्या ओट्यावर बसून शेंगा फोडणारा मुलगा यांचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही. एक तर त्यातला मुलगा चित्रं सुंदर काढतो. आमचा काढत नाही. एलडी असलं की काहीतरी मोठी कला असलीच पाहिजे, असं लोकांना वाटतं. आमच्या पोराला क्रिकेट आवडतं आणि त्यातही तो बरा आहे, एवढंच.

तपासणी पुण्यात झाली. एका मोठ्या रुग्णालयात आमच्या पाच खेपा झाल्या. आधी डोळे, मग कान, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा कागद अपुरा. पहाटे स्वारगेटची एसटी धरायची आणि रात्री परत यायचं. तेव्हा बायकांना अर्धं तिकीट नव्हतं, ते मार्च २०२३ पासून झालं. तपासणीला जाणार असाल तर एक विचारून घ्या, चाचणी कुठल्या भाषेत घेणार? आपलं मूल मराठीत शिकतंय आणि इंग्रजीच्या कागदावर त्याची परीक्षा घेतली तर निकाल काय लागणार? मराठीत चाचण्या आहेत. ‘डाली’ नावाची चाचणी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलीय, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. साधारण आठ वर्षांच्या आधी पक्कं प्रमाणपत्र देत नाहीत, कारण लहान मुलं तशीही अक्षरं उलटी काढतात. पण घरी संशय आला तर आठ वर्षं थांबून राहू नका. शिकवण्याची रीत बदलायला प्रमाणपत्र लागत नाही.

कागद मात्र लागतो, हेही खरं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात एकवीस प्रकार मोजलेत आणि त्यांत अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त लिहिलेलं असलं तर बऱ्याच सवलती उघडतात. ‘दिव्यांग’ हा शब्द मुलाच्या नावापुढं लागणार म्हणून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आम्हालाही तो शब्द गिळायला वेळ लागला. पण अहवालात दुसरी एक ओळ होती, बुद्धी सर्वसाधारणपेक्षा वर. ती ओळ आम्ही त्यांना वाचून दाखवली. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘मग मलाबी हेच असंल.’ आम्ही हसलो, पण पुढं कितीदा तरी ते वाक्य आठवलं. त्यांच्या वेळी कुणी पाहिलंच नाही.

चौथी संपली. जून २०२२ ला पाचवीसाठी मोठ्या शाळेत घालायचं होतं. तो म्हणाला, ‘मी विहिरीत उडी मारीन, पण शाळेत जाणार नाही.’ दहा वर्षांचं पोर. बोलायला बोलला असेल. पण आमच्या मळ्यात विहीर आहे. त्या रात्री ठरलं की हा घरी शिकेल.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. आम्हीही गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेला विचारलं. बाई चांगल्या होत्या, आडपडदा न ठेवता बोलल्या. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलासाठी आहे, आणि त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. २०१२ च्या दुरुस्तीनं घरी शिकण्याची मुभा दिली, पण ती बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना. आमचा त्यात बसत नव्हता. बाई म्हणाल्या, ‘पोलीस येणार नाहीत, पण तुमच्या हातात शाळेचा कागदही राहणार नाही. परतीची वाट आधी बघून ठेवा.’ हा सल्ला सोन्यासारखा होता. कुणी घरी शिकवायचा विचार करत असेल तर पहिल्या दिवशी परतीची वाट विचारा.

गावात बातमी पसरली, पोराला घरी बसवलं. कुणी म्हणालं गुरं राखायला ठेवला, कुणी म्हणालं फी परवडेना. वर्तमानपत्रात घरी शिकणाऱ्यांच्या बातम्या येतात त्या वेगळ्या. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या जागतिक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि बारावीचा कागद नसताना २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत गेली. आनंद आहे. पण अशा बातम्यांनी लोकांची समजूत अशी होते की घरी शिकवायचं म्हणजे पोर अलौकिक हवं आणि आईबाप संगणकवाले. आमच्या घरी दोन बायका, एक फुटका फळा आणि चार म्हशी.

तशी घरी शिकण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. रमाबाई रानड्यांना लग्नानंतर न्यायमूर्तींनी घरातच अक्षरओळख करून दिली, आणि घरातल्याच बायकांनी त्यांना टोमणे मारले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. धाकटीनं हे डी.एड.ला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. म्हशींमागं फिरताना पाढे म्हणवून घ्यायची वेळ आली तेव्हा ते खरं कळलं.

शिकवायला बसलो आणि पहिला महिना वाया गेला. कारण आम्ही घरी शाळाच मांडली. दहा ते पाच, घंटा, वही, गृहपाठ. तो पुन्हा पोट धरून बसायला लागला. महिन्यानं सगळं मोडलं. सकाळी धारा झाल्या की वीस मिनिटं वाचन, मग तो बाहेर. जेवणाआधी वीस मिनिटं गणित. संध्याकाळी त्यानं काही वाचायचं नाही, आम्ही वाचायचं आणि त्यानं ऐकायचं. दिवसाला सगळं मिळून तासाच्या थोडं वर. इतकंसं पुरतं का, असं मास्तर लोक विचारतात. एकट्या मुलाला, त्याच्या जागी बसून शिकवलेला एक तास फार मोठा असतो. भाताच्या लावणीला आठ-दहा दिवस सुट्टी, ती आम्हालाही हवीच असायची.

दुसरा नियम, आईनं अक्षर शिकवायचं नाही. हा अनुभवातून झाला. थोरली शिकवायला बसली की चुकीगणिक तिच्या पोटात खड्डा पडायचा, तो तिच्या तोंडावर दिसायचा आणि मुलगा तोंड वाचायचा, अक्षर नाही. तेवढं त्याला चांगलं वाचता येत होतं. म्हणून अक्षर आणि आकडे काकीकडं, गोष्टी आणि व्यवहार आईकडं. एकट्या बाईनं दोन्ही करायचं म्हटलं तर कसं करावं हे आम्हाला सांगता येणार नाही. आमचं निभलं ते दोघी होतो म्हणून.

आता मराठी अक्षरांची गंमत सांगतो, ती आम्हाला चाळीशीला टेकल्यावर कळली. आपण म्हणतो मराठी जसं बोलतो तसं लिहितो. साफ नाही. ‘मित्र’ म्हणताना तोंडातून आधी म निघतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी आधी उभी. या मुलाचा डोळा आधी वेलांटीला अडखळतो. ‘सूर्य’ म्हणताना र आधी, य मागाहून; लिहिताना र चढून बसतो य च्या डोक्यावर. एकट्या र चे वेश किती, प्रकाशमधला, सूर्यमधला, ट्रकमधला, दऱ्यामधला! मग घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, सगळी जुळी भावंडं. आपल्याला सवयीनं ती वेगळी दिसतात.

परातीत बारीक रवा पसरला आणि बोटानं अक्षर काढायला लावलं. काढता काढता मोठ्यानं म्हणायचं. पूर्वी धूळपाटीवर शिकायचे, तेच. डोळा, कान, तोंड आणि बोट एकाच वेळी कामाला लागलं की अक्षर धरून राहतं, असं पुण्याच्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. घ आणि ध एकत्र कधी शिकवले नाहीत. घ पक्का झाल्यावर तीन आठवड्यांनी ध. वेलांटी लाल खडूनं, अक्षर पांढऱ्यानं. वाचताना आधी पांढरं म्हणायचं, मग लाल. जोडाक्षरासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागं अक्षरं लिहिली आणि कात्रीनं अर्धी कापली. अर्धा स, पूर्ण त, जवळ ठेवले की ‘स्त’. हातानं जोडलेलं जोडाक्षर त्याला कळलं, वहीतलं कळत नव्हतं. ओळ चुकू नये म्हणून पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापली. धडा त्या खिडकीतून वाचायचा. बाकीची ओळींची गर्दी दिसत नाही, जीव घाबरत नाही.

दहा मिनिटांचं काम वाटतंय ऐकताना, पण बाराखडी आणि सोपी जोडाक्षरं यांना अकरा महिने लागले. आणि मध्ये आजारी पडला तेव्हा त्यातलं निम्मं विसरला. तेव्हा आम्ही दोघी गोठ्यात जाऊन रडलो. एकीनं रडायचं आणि दुसरीनं धीर द्यायचा, असं काही झालं नाही. दोघीही रडलो.

आकड्यांचं वेगळंच. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, चाळीस मागून. तो बरोबर ऐकायचा आणि चोपन्न लिहायचा. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी, पण लिहायचं तीननं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं होतं आणि केवढा गदारोळ झाला, आठवतं? टीव्हीवर थट्टा, व्हॉट्सॲपवर विनोद. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाई शांतपणे समजावत होत्या की लहान मुलांना हे सोपं पडतं. त्या विनोदांना आम्हीही हसलो होतो, पुढं पाठवलेही होते. तीन वर्षांनी आमच्याच ओट्यावर ‘चाळीस पाच, चाळीस सहा’ सुरू झालं आणि पोराचे आकडे उलटायचे थांबले. आधी चाळीस पाच, मग हळूच पंचेचाळीस. बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांना एक पोस्टकार्ड टाकायचं राहून गेलं.

गणिताचा दुसरा वर्ग आठवडे बाजारात भरायचा. आमचा इंद्रायणी तांदूळ थोडा किरकोळ विकायला असतो. पहिल्या दिवशी हिशेब त्यानं केला आणि एका गिऱ्हाइकाला साठ रुपये जादा परत दिले. आजोबांनी डोळे वटारले. आम्ही म्हटलं, फी समजा. पाव किलो, सव्वा किलो, अडीच किलो हे त्याला बाजारात आलं. अपूर्णांक या शब्दाखाली तेच वहीत आलं तेव्हा त्यानं ओळख दाखवली नाही. मग धाकटीनं वहीत तराजू काढला.

गोष्टी ऐकणं हा मात्र सुखाचा भाग. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही. किशोर १९७१ पासून निघतंय, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या शाळेच्या वेळचं. थोरली वाचायची, तो आणि आजी ऐकायचे. इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं कानानं. वाचता येत नाही म्हणून मुलाचं ज्ञान थांबवायचं नाही, ही एक गोष्ट आम्ही सुरुवातीपासून बरोबर केली असं वाटतं. राजगडावर नेलं तर सुवेळा माची कुठं आणि संजीवनी कुठं, हे त्यानंच आम्हाला दाखवलं.

काय बिघडलं तेही सांगायला हवं. मित्र तुटले. सकाळी सगळी पोरं दप्तरं घेऊन जायची आणि हा ओट्यावरून बघायचा. क्रिकेटला संध्याकाळी बोलवायचे, पण वर्गातले विनोद, सरांच्या नकला यांत तो नसायचा. दीड वर्षानं तो स्वतः म्हणाला, ‘मी शाळेत कधी जाणार?’ ज्यानं विहिरीचं नाव काढलं होतं, तोच. घरी पैशाचंही ओढग्रस्त झालं. धाकटी शिवणकाम करायची, ते निम्म्यावर आलं. त्यावरून तिच्या नवऱ्याची कुरकुर, त्यावरून दोन भावांत अबोला, तो गणपतीत मिटला. बचत गटाच्या बैठका थोरलीनं वर्षभर चुकवल्या. मुलाचं शिक्षण घरी आणलं की घरातल्या बाईचं बरंच काही घराबाहेर जातं, हे मोजून मग ठरवा.

जून २०२४ मध्ये त्याला मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत घातलं. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेतात, आणि मागं पडलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण मागता येतं. हीच ती परतीची वाट. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र पाहिलं, मुलाला वाचायला न लावता राजगडाविषयी विचारलं आणि सही केली. वाचन त्या वेळी साधारण तिसरीच्या मुलाएवढं होतं. आता पाचवीच्या आसपास आहे. पुढच्या बाकावर बसतो, फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी मित्राच्या वहीचा फोटो आणतो. घरचा तास अजून चालू आहे, पण आता रात्री.

परीक्षांचं सांगतो, कारण याचे फोन सारखे येतात. १९९६ पासून आपल्या राज्यात या मुलांना सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, गणिताला कॅल्क्युलेटर, दहावीला एखादी भाषा सोडून दुसरा विषय. त्यासाठी प्रमाणपत्र शाळेमार्फत वेळेत पुढं जावं लागतं. परीक्षेच्या महिन्यात धावपळ करून उपयोग नाही. नेहमीच्या शाळेतून जमणारच नसेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याच्या पाचवी आणि आठवी या पातळ्यांच्या परीक्षा मराठीतून देता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथं दहावीचे विषय एकेक करून, पाच वर्षांत नऊ संधींत सोडवता येतात. हा कागद खालच्या प्रतीचा नाही, पुढं प्रवेशाला चालतो.

आमचा आता आठवीत आहे. पूर्वी आठवीपर्यंत ढकलत होते. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. म्हणजे यंदाचं वर्ष साधं नाही. तोंडी विचारलं तर विज्ञानाला त्याला कुणी अडवणार नाही. लिहून मात्र तीन प्रश्नांनंतर हात दुखतो आणि अक्षर पुन्हा जुन्या वाटेनं जातं. लेखनिक घेतला तर हा आरामात पास होईल, असं त्याचे सर म्हणतात, आम्हालाही तसंच वाटतं.

त्याला वाटत नाही. लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो. म्हणजे सातवीतला, म्हणजे आमच्याच आळीतला कुणीतरी, जो संध्याकाळी याच्याबरोबर क्रिकेट खेळतो. ‘त्याच्यासमोर मी तोंडानं सांगू आणि तो लिहिणार? मला हात नाहीत का?’ असं म्हणून तो उठून गेला. वडील म्हणतात, त्याला विचारता कशाला, अर्ज देऊन टाका. काकी म्हणते, जादा वेळ एवढाच मागू आणि एक फेरपरीक्षा धोक्यात घालू. आई म्हणते, दुसऱ्या गावचा लेखनिक शोधू. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, त्यात त्याचा हात किती चालतो ते पाहायला गेल्या शनिवारी आम्ही घड्याळ लावून त्याला जुना पेपर सोडवायला बसवलं. पेपर पूर्ण झाला नाही. दीड प्रश्न राहिला. पण मागच्या वेळी साडेतीन राहिले होते.

अर्ज भरून कपाटात ठेवलाय, लेखनिकाचा रकाना कोरा आहे. शाळेनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. येत्या शनिवारी पुन्हा पेपर लावणार आहोत, आणि त्यानंतर रकान्यात काय लिहायचं ते त्याला विचारणार आहोत.